दोन विटांवरचा मॉनिटर

मॉनिटर, प्रिंटर, माऊस असलं काही घ्यायचं निघालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मी जळगावला एका कचेरीत कारकून आहे. दिवसभर पडद्यासमोर बसते, म्हणजे मला त्यातलं कळत असणार, असा सगळ्यांचा समज. कळतं म्हणजे काय, संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले की कळतं. पण एकदा शहाणी म्हणून नाव पडलं की ते निभवावं लागतं. त्यामुळे फेब्रुवारी सरता सरता वहिनींचा धुळ्याहून फोन आला आणि त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांचा मॉनिटर आता अगदीच चालेना," तेव्हा हे काम आपल्या गळ्यात पडलं हे मी ओळखलं.

"ह्यांचा" म्हणजे माझ्या भावाचा. भाऊ पावसाळ्याच्या शेवटी गेला. सकाळी ऑफिसला जाण्यासाठी बूट घालायला वाकला आणि तसाच खाली बसला, परत उठला नाही. धुळ्याला त्याचं छोटं ऑफिस होतं. दुकानदारांचे हिशोब, जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचे, हे काम. वहिनी बी.कॉम. झालेल्या. लग्न झाल्यापासून त्याच खोलीत, बाजूच्या लहान टेबलावर बसून त्या निम्म्याहून जास्त काम करायच्या. पण समोरच्या मोठ्या टेबलामागे भाऊ बसायचा, आणि लोक त्याला साहेब म्हणायचे. वहिनींना लोक काहीच म्हणत नसत. चहा सांगायचा असला तर तेवढं त्यांच्याकडे बघत.

भाऊच्या तेराव्यानंतर आमचे वडील, म्हणजे नाना, म्हणाले की जागा भाड्याने देऊन टाकू. ओळखीतला एक माणूस घ्यायला तयार होता, टेबल-खुर्चीसकट. वहिनी इतक्या वर्षांत नानांसमोर कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "नाना, ते मी चालवते. मला येतं." नानांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "आखाजीले देखू."

नानांचं सगळं आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, चालतं. शेतावरचा सालदार आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला त्याचं साल फिटतं. जन्मभर याच मापाने मोजलेल्या माणसाने सुनेलाही तेच माप लावलं. वहिनींना आखाजीपर्यंत मुदत मिळाली. तोवर गिऱ्हाईकं टिकली तर ऑफिस त्यांचं, नाही तर त्या माणसाचं. मुलगी पुण्याला शिकत होती, घरी बसून सासऱ्याच्या शेतावर दिवस काढणं वहिनींना नको होतं. पण नुसतं पोटासाठीच होतं असंही नाही. त्यांना ते काम आवडायचं. हिशोब जुळला की त्या पेनाचं टोपण टप्पकन लावायच्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि नेमका मार्च तोंडावर असताना मॉनिटरने मान टाकली. पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, मधेच काळोख व्हायचा, मग पाठीत एक धपाटा घातला की उजेड. वहिनींचा चष्मा दोन नंबरांचा, वर लांबचं आणि खाली जवळचं दिसतं तसला. त्या रेघांमधून त्यांना तीन आणि आठ वेगळे ओळखू येईनात. एका दुकानदाराच्या रिटर्नमध्ये चूक झाली, ती वेळेत सापडली म्हणून निभावलं. पण तो दुकानदार जाताना म्हणाला, "साहेब होते तेव्हा असं नव्हतं हो." हे सांगताना वहिनींनी दोनदा नाक ओढलेलं मला फोनवर ऐकू आलं.

मी म्हटलं, "मग रडता काय, नवा घ्या. बाजार भरलाय मॉनिटरने."

त्या म्हणाल्या, "नवा कसा घेऊ? घरात वर्ष आहे ना."

खरं होतं. आमच्या घरात माणूस गेला की पहिल्या आखाजीला त्याची घागर भरेपर्यंत नवी वस्तू आणत नाहीत. कापड नाही, भांडं नाही, केरसुणीसुद्धा शेजारणीकडून मागून आणतात. माझा या गोष्टींवर फार विश्वास आहे असं नाही. आमच्या कचेरीत कुणी असलं काही सांगितलं तर मी तोंडावर सुनावते. पण मी नानांना फोन लावला आणि माझा आवाज आपोआप खाली आला. नाना म्हणाले, "आखाजीपावत घरमा नवी वस्तू नको." मी म्हटलं, अहो पण ऑफिस म्हणजे घर नाही. नाना म्हणाले, "भाऊनं ऑफिस ते घरच शे."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर राग काढला. पोळ्या लाटता लाटता डोक्यात आलं, नवी नको तर जुनी चालेल की! परत फोन लावला. नानांनी विचार केला. पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाले, "वापरेल शे का? मंग चाली."

तर अशी मी शनिवारी जळगावात वापरलेला मॉनिटर शोधत निघाले. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले मॉनिटर एकगठ्ठा काढून टाकतात, ते विकणारी दुकानं असतात. एका व्यापारी संकुलात वरच्या मजल्यावर तसलं दुकान सापडलं, जुन्यांबरोबर नवेही विकणारं. दुकानदार तिशीतला, बोलका. मी वापरलेला हवा म्हटल्यावर त्याचं तोंड जरा वाकडं झालं. त्याने आधी मला नवेच दाखवायला सुरुवात केली. एक वाकडा पडदा होता, धनुष्यासारखा. म्हणे गेम खेळायला छान. मी म्हटलं, "बाबा, जीएसटी भरताना काय गोळ्या झाडायच्या आहेत?" मग त्याने साधा नवा काढला, खोक्यात सीलबंद. "ताई, जुन्यात आणि यात फरक किती तो? चहापाण्याचा. तीन वर्षांची वॉरंटी. जुनं घेऊन डोक्याला ताप कशाला? लोक नवं घ्यायला मरतात, नवं परवडत असून जुनं मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

तो बरोबर बोलत होता. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मीही हेच सांगितलं असतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "घरात वर्ष चालू आहे. माझा भाऊ गेलाय."

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. स्टूल पुढे सरकवलं, मला बसायला सांगितलं. नव्या मॉनिटरबद्दल पुढे तो एक शब्द बोलला नाही. "आमच्याकडे आजोबांचं झालं मागच्या वर्षी," एवढंच म्हणाला आणि आतून चार-पाच जुने मॉनिटर आणून ओळीने मांडले.

मग मी निवडायला बसले. पहिली गोष्ट, मागे वायर लावायची जागा. भाऊचा कॉम्प्युटर जुना, त्याला निळ्या टोकाची जुनी वायरच चालायची, ती ज्याला लागणार नाही तो बाद. मग त्याला प्रत्येकावर कोरं पांढरं पान उघडायला लावलं. पांढऱ्यावर सगळं दिसतं, कुठे पिवळा डाग आहे, कुठे काळा ठिपका मेलेल्या मुंगीसारखा बसलाय. एकाच्या कोपऱ्यात डाग होता, तो बाद. एकाचा पडदा आरशासारखा चकचकीत, त्यात माझंच थकलेलं तोंड दिसलं. तोही बाद, कारण वहिनींच्या पाठीमागे खिडकी आहे. उरले त्यांवर बारीक आकड्यांचा तक्ता उघडला, उजेड कमी करून पाहिला आणि खुर्ची मागे घेऊन तीन आणि आठ ओळखू येतात का ते बघितलं. शेवटी एक बावीस इंची घेतला. काळा, कडेला ओरखडा पडलेला, पण पडदा स्वच्छ. त्याचं स्टँड बुटकं होतं. तेच मला पाहिजे होतं, कारण वहिनी बुटक्या आणि त्यांना चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायचं असतं. दुकानदाराने मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळून दिला. नवं खोकं होतं त्याच्याकडे, पण त्याने ते मुद्दाम वापरलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एस.टी. पकडली. मॉनिटर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं अर्धं तिकीट, पण टीव्हीचं पूर्ण लागंल." मी हसले. पारोळ्याच्या पुढे रस्ता उखडलेला, तिथे मी त्या गाठोड्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसले. वहिनींच्या पहिल्या बाळंतपणातलं लेकरू, म्हणजे माझी भाची, मी असंच मांडीवर घेऊन याच रस्त्याने आले होते. एकदम रडू आलं. बाजूच्या बाईने पदर सावरून मला जरा जागा करून दिली.

ऑफिसात रविवारचं कुणी नव्हतं. वहिनींनी आणि मी मिळून जुना मॉनिटर उचलला. त्याच्याखाली दोन विटा होत्या, रंगीत कागद गुंडाळलेल्या. भाऊ ताडमाड उंच होता. पडदा डोळ्यांच्या समोर यावा म्हणून त्याने बांधकामावरून त्या आणून ठेवल्या होत्या, कागद वहिनींनी चिकटवलेला. मी विटा बाजूला सारल्या आणि नवीन, म्हणजे जुना, मॉनिटर टेबलावर ठेवला. वायर लावली. पडदा उजळला, वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर आला. त्यांनी एक तक्ता उघडला आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ दिसतं हो ताई." मला वाटलं चला, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात त्या उठल्या, मॉनिटर उचलला आणि परत विटांवर ठेवला.

मी म्हटलं, "हे काय?"

"असू द्या."

"अहो असू द्या काय? तुमची मान बघा केवढी वर जातेय. दिवसभर अशा बसलात तर मान धरेल. तुम्हाला खालच्या काचेतून वाचायचंय ना?"

"असू द्या, ताई. विटा त्यांच्या आहेत."

मी तापट आहे. माझ्या तोंडून गेलं, "तो काय आता बघायला येणार आहे?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. पडदा फडक्याने पुसत म्हणाल्या, "ते नाही. नाना येतात ना बघायला. मी विटा काढल्या तर त्यांना वाटेल, वर्ष सरलं नाही आणि ही जागा आपली करून बसली."

मी वायर परत नीट खोचून दिली. वाद घालून ते खोटं ठरलं नसतं.

नाना खरंच यायचे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी गावाहून धुळ्याला यायचे, काम उरकून ऑफिसात गिऱ्हाइकांच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे. मार्चमध्ये मी दोनदा रजा काढून वहिनींच्या मदतीला गेले, तेव्हा ते बघितलं. आणि आणखी एक बघितलं, ते मला आधी सुचलंच नव्हतं. टेबलाचं तोंड दाराकडे. विटांवर चढवलेला तो मॉनिटर, आणि त्याच्यामागे बुटक्या वहिनी. भाऊ बसायचा तेव्हा त्याचं डोकं, खांदे वर दिसायचे. आता दारातून येणाऱ्याला मॉनिटरची काळी पाठ तेवढी दिसायची. मागे कुणी आहे हे कळायचंच नाही. लोक उंबऱ्यात थांबायचे आणि हाक मारायचे, "साहेब नाहीत का?" मग वहिनी उठून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मी आहे. बोला." काही जण बसायचे. काही जण "नंतर येतो" म्हणून जायचे ते जायचेच. मी खुर्चीवर उशी टाकून पाहिली, तर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात.

दर वेळी कुणी "साहेब नाहीत का" म्हटलं की नाना खाली बघायचे. त्यांच्या मनात काय चालायचं ते मला कळत नव्हतं. मुलगा आठवत असेल, की सुनेचा हिशोब मांडत असतील. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. म्हातारपणी मुलाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचं, आणि ती खुर्ची रिकामी नाही हेही बघायचं.

मार्च कसाबसा पार पडला. गिऱ्हाईकं थोडी गेली, बरीच राहिली. वहिनींच्या मानेला तेल चोळून चोळून माझे हात दुखले. एप्रिल लागला आणि आखाजी जवळ आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. या वर्षी आमच्या दारात झोका नव्हता. मी आदल्या दिवशी गावी पोचले. वहिनी धुळ्याहून संध्याकाळच्या गाडीने यायच्या होत्या. दुपारी नाना मला म्हणाले, "तिले फोन लाव." मी लावून दिला. नाना फोनमध्ये ओरडून बोलतात. म्हणाले, "येतांना त्या दोन इटा लई येजो. मॉनिटरखालन्या."

फोन परत देत नाना म्हणाले, "कोंबडी पानी पेस तशी मान वर करस ती. मी देखस ना."

वहिनी अंधार पडता पडता आल्या. पिशवीतून त्या विटा काढून ओट्यावर ठेवताना त्यांचं तोंड पांढरंफटक होतं. त्यांना वाटलं होतं, ऑफिस गेलं. त्यांना वाटलं, नाना भाऊची वस्तू न वस्तू परत मागून घेत आहेत. मीही धीर देऊ शकले नाही, कारण ऑफिसचं काय ठरलंय ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत सांजोऱ्या करत बसलो.

सकाळी कुंभाराकडून घागर आली. घरात आलेली वर्षातली पहिली नवी वस्तू. वहिनींनी ती धुऊन पाण्याने भरली, वर लहान मातीचं डेरगं, त्यावर सांजोरी, खरबूज आणि आंबा ठेवला. नानांनी विटांवरचा रंगीत कागद नखाने सोलून काढला. हळूहळू, बोराची साल काढावी तसा. मग त्या दोन विटा समोरासमोर मांडल्या, मधे गोवऱ्यांचे निखारे घातले आणि मुलाच्या नावाने आगारी टाकली. एक घास, वर तूप. तूप चर्रर्र झालं. बापाने मुलाला जेवायला घालायचं असतं, हे खरं, पण असं नव्हे. नाना पुन्हा पुन्हा तूप घालत होते. वहिनी तोंडात पदर घालून रडल्या. मी रडले. नाना रडले नाहीत, धुरामुळे डोळे पुसतोय असं दाखवत राहिले.

निखारे विझल्यावर वहिनी विटा उचलायला वाकल्या. नाना म्हणाले, "आते ऱ्हाऊ दे आठेच." एवढंच. विटा काळ्या पडल्या होत्या. त्या अजून आमच्या गावच्या अंगणात तुळशीजवळ आहेत.

दोन दिवसांनी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. ऑफिसात मॉनिटर टेबलावर बसला होता, आपल्या बुटक्या स्टँडवर, ओरखड्यासकट. वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला आणि कामाला लागल्या. त्यांची मान सरळ होती, चष्मा नाकावर होता, आणि दारातून त्यांचा चेहरा पुरा दिसत होता. नाना बाकावर बसले. मी बाजूच्या लहान टेबलावर, वहिनी आधी बसायच्या तिथे.

मग जागा भाड्याने मागणारा तो माणूस आला. आखाजी झाली होती, तो शब्दाप्रमाणे उत्तर न्यायला आला होता. वहिनींकडे नुसतं बघितल्यासारखं करून तो नानांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मग नाना, साहेबांच्या जागेचं काय ठरवलं?"

नानांनी टोपी मांडीवरून उचलून डोक्यावर घातली. म्हणाले, "माले काय इचारस? साहेब समोर बठेल शेतस. त्यासले इचार."

तो माणूस वळला. वहिनींना उभं राहावं लागलं नाही. मॉनिटरच्या वरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, चष्मा जरा सारखा केला आणि म्हणाल्या, "बसा. जागा द्यायची नाहीये. रिटर्नचं काही काम असेल तर सांगा."